मुलांचा अंथरुणाचा अलार्म नीट चालत नसेल तर घरीच काय काय तपासायचं

मूल सात-आठ वर्षांचं झालं तरी रात्री गादी ओली होते. डॉक्टरांनी चड्डी ओली होताच वाजणारा अलार्म लावून बघा म्हणून सांगितलं, तुम्ही तो मागवला, आणि आता वेगळाच घोर लागलाय. कधी तो वाजतच नाही. कधी कोरड्या चड्डीवर बोंबलत सुटतो. कधी घरातली झाडून सगळी माणसं जागी होतात आणि ज्याच्यासाठी आणला तो कूस बदलून पुन्हा झोपतो. इथपर्यंत आलेल्या आईबापांसाठी हे लिहिते आहे. आम्ही जळगाव जिल्ह्यात राहतो. आमच्या मुलाची गादी याच अलार्मने कोरडी झाली, पण यंत्राच्या खोड्या ओळखण्यात बराच काळ गेला. विचारावं तर कोणाला? आमच्या मेडिकलवाल्याने हे यंत्र पाहिलेलं नव्हतं, आणि शेजारीपाजारी हा विषय कोणी उघड बोलत नाही.

अलार्म फसला असं वाटलं की बोल पोराला लागतो. "तूच उठत नाहीस." तसं तोंडातून निघण्याआधी यंत्र तपासा, मग कपडे तपासा, मग घरातली रात्र कशी जाते ते बघा. आमच्या घरच्या सगळ्या अडचणी या तीन ठिकाणीच सापडल्या. माझ्या सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, "पोऱ्या नींदमा मुतस, त्यामा त्याना काय गुन्हा?" डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण १५ मुलं रात्री गादी ओली करतात, दहाव्या वर्षी साधारण ५. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के. आळसाचा इथे काही संबंध नाही.

१. आधी डॉक्टर, मग अलार्म

तुम्ही डॉक्टरांना न दाखवता परस्पर अलार्म मागवला असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. साधी लघवीची तपासणी आणि पोट तपासणं एवढ्याने बरंच कळतं. खालीलपैकी काहीही असेल तर अलार्मची दुरुस्ती करत बसू नका:

- दिवसाही चड्डी ओली होते, लघवीला जळजळ होते, लघवीत रक्त दिसतं किंवा ताप येतो
- सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा गादी ओली करू लागलं
- खूप तहान लागते, सारखी लघवी होते, वजन उतरतंय. हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दाखवा
- रोज जोरात घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं
- शौचाला खडा होतो, दोन-दोन दिवस होत नाही
- पायांत अशक्तपणा आहे किंवा चालण्यात फरक पडलाय

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बालरोग विभागाच्या ओपीडीत दाखवता येतं. जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि जमल्यास आठवडाभराची नोंद न्या. मूल किती वाजता झोपलं, गादी ओली झाली का, दिवसभरात किती वेळा लघवीला गेलं, शौच झालं का, एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

२. हे यंत्र नेमकं काय करतं

हे न समजल्यामुळे निम्मे घोटाळे होतात. चड्डीला चिमट्याने लावायचा सेन्सर वायरने खांद्यावरच्या भोंग्याला जोडलेला असतो. सेन्सरवर धातूच्या दोन पट्ट्या किंवा दोन बटणं असतात, एकमेकांना न टेकलेली. लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहते. लघवीचे थेंब दोन्ही पट्ट्यांवर पडले की त्या जोडल्या जातात आणि भोंगा वाजतो. अगदी बारीक प्रवाह असतो, मुलाला काही जाणवत नाही. म्हणजे यंत्राला लघवी ओळखता येत नाही, त्याला फक्त खारट ओल कळते. घामही खारटच असतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट, अलार्म लघवी होण्याआधी वाजत नाही. लघवी सुरू झाल्यावरच तो वाजतो. रोज त्या क्षणी जाग येत गेली की काही आठवड्यांत मेंदू भरलेल्या मूत्राशयाची खूण ओळखायला शिकतो, आणि मूल एक तर स्वतः उठतं किंवा सकाळपर्यंत धरून ठेवतं. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात "वाजतो, पण गादी ओली होतेच" ही तक्रार यंत्राची नाही. ते तसंच असतं.

३. जवळ काय काय ठेवायचं

यंत्राचं बिल, वॉरंटी कार्ड आणि माहितीपत्रक एका पिशवीत. पार्सल अजून उघडलं नसेल तर उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. सदोष निघालं तर परत करताना तोच पुरावा.

बाकी सामान घरातलंच आहे: त्याच मापाचे नवे सेल, मीठ, जुना सुती कपडा, मऊ टूथब्रश, कागदी चिकटपट्टी, टॉर्च, मेणकापड किंवा रबर शीट, कोरड्या चड्ड्या आणि चादर उशाशी, आणि वही-पेन.

४. दिवसा, उजेडात तपासणी

रात्री दोन वाजता झोपेत दोष शोधायला जाऊ नका. दुपारी निवांत बसून याच क्रमाने बघा.

आधी सेल. नव्या यंत्रात सेलच्या टोकाशी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून काढावी लागते. ती राहिली तर यंत्र मुकं राहतं. सेल उलटा बसलाय का बघा. भोंगा वाजतोय पण आवाज दबका येतोय, किंवा थरथर जाणवत नाही, म्हणजे सेल उतरलाय. चार्जिंगचं यंत्र असेल तर दिवसा चार्ज करा. चार्जर लावलेलं यंत्र मुलाच्या अंगावर कधीही ठेवायचं नाही.

बटण सेल असतील तर जुने-नवे दोन्ही लहान भावंडांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघा. बटण सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा एक्स-रे होईल अशा दवाखान्यात ताबडतोब न्या.

मग मीठपाणी. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा, सुती कपडा त्यात भिजवून पिळा आणि सेन्सरवर ठेवा. काही सेकंदांत वाजायला हवा. ही चाचणी फिल्टरच्या आरओ पाण्याने घेऊ नका. त्यात क्षार इतके कमी असतात की चांगलं यंत्रही गप्प बसू शकतं, आणि तुम्ही ते बिघडलं म्हणून परत पाठवाल.

मीठपाण्यानेही वाजलं नाही तर स्टीलच्या चमच्याने सेन्सरच्या दोन्ही पट्ट्या एकदम टेकवा. आता वाजलं, तर यंत्र आणि वायर ठीक आहेत, पट्ट्यांवर थर बसलाय. वाळलेल्या लघवीचा पांढरा-हिरवट थर असतो. त्यातून आपल्याकडच्या बोअरचं पाणी खारं. सेन्सर रोज त्याच पाण्याने पुसला तर क्षारांचा वेगळा थर चढतो. सौम्य साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून हलक्या हाताने घासा, फिल्टरच्या पाण्याच्या ओल्या कपड्याने पुसा आणि सावलीत पूर्ण वाळवा. भोंग्याचा डबा मात्र पाण्यात बुडवायचा नाही.

चमच्यानेही वाजलं नाही तर संशय वायरवर. जॅक, म्हणजे वायरची भोंग्यात खोचायची पिन, 'टक्' आवाज येईपर्यंत आत दाबा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात इतकी ही साधी गोष्ट आहे. चमचा तसाच टेकवून ठेवून वायर जॅकजवळ आणि चिमट्याजवळ हलकी वाकवून बघा. मधेच आवाज आला-गेला तर आतली तार तुटलीय. गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मल्टिमीटर असतो, तो दोन मिनिटांत सांगतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र त्याला वायर सोलू देऊ नका, कंपनीकडून नवा सेन्सर मागवा. काही कंपन्या नुसता सेन्सर वेगळा विकतात, घेतानाच विचारून ठेवा.

बिनवायरच्या यंत्रात आणखी एक: अंगावरचा भाग आणि भिंतीवरचा भोंगा एकमेकांना जोडलेले राहिलेत का ते सेल बदलल्यावर पुन्हा तपासा. जाड भिंती असल्या तर भोंगा त्याच खोलीत आणा.

५. यंत्र चांगलं आहे, तरी उशिरा वाजतं

आता कपडे. चड्डी सुती आणि अंगाला घट्ट बसणारी हवी. इलास्टिक सैल झालेल्या जुन्या चड्डीत सेन्सर अंगापासून लांब लोंबतो, आणि गादी भिजून गेल्यावर भोंगा वाजतो. सेन्सरची जागा मुलगा-मुलगी यांच्यात वेगळी: मुलांसाठी पुढच्या बाजूला, जरा वर; मुलींसाठी खाली, दोन पायांच्या मध्ये. पालथं झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत ओल आधी कुठे येते ते दोन-तीन रात्री बघून जागा ठरवा. वरून दुसरी घट्ट चड्डी घातली की सेन्सर हलत नाही.

आत डायपर घालू नका. डायपर लघवी शोषून घेतो, चड्डीवरच्या सेन्सरपर्यंत ती पोचतच नाही.

वायर शर्टाच्या आतून खांद्यापर्यंत न्या, गळ्याभोवती येऊ देऊ नका. मधे एका ठिकाणी कागदी चिकटपट्टीने अंगाला लावली की झोपेत ओढली जात नाही.

६. कोरड्या चड्डीवर वाजतो: आपल्याकडचा उन्हाळा

खान्देशात या यंत्राचा खरा शत्रू घाम आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांना टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. सोबत दिलेल्या माहितीपत्रकांत याविषयी फार तर एखादी ओळ असते. मांड्यांच्या सांध्यात घाम साचतो आणि सेन्सरला तो पुरतो. रात्रीतून अनेकदा असं झालं की मूल त्या आवाजाला सरावतं आणि खऱ्या वेळीही उठत नाही, म्हणून हा दोष लगेच काढा.

आधी खात्री करा. वाजल्यावर लगेच चड्डीला हात लावा आणि वास घ्या. सेन्सरखाली नुसती दमट असेल आणि पोट, पाठ, कंबरही घामेजलेली असेल तर तो घाम. रुपयाएवढा का होईना, पण स्पष्ट ओला डाग असेल तर ती लघवी. हा छोटा डाग चांगली खूण आहे, यंत्राने अगदी वेळेवर पकडलंय. त्याला घाम समजून सोडून देऊ नका.

घाम ठरला तर एवढं करा:

- चड्डीची घडी किंवा पातळ सुती कापडाचा एक पदर त्वचा आणि सेन्सर यांच्यामध्ये येऊ द्या. सेन्सर उघड्या अंगाला लागायला नको.
- चड्ड्या दोन पाण्यांतून काढा. साबणाचा अंश राहिला तर थोड्या घामानेही वाजू शकतं.
- झोपण्याआधी अंघोळ घाला, सांधे कोरडे करा. पावडर सेन्सरवर पडू देऊ नका.
- मेणकापड थेट पाठीखाली नको, त्यावर जाड सुती चादर किंवा गोधडी घाला. नुसत्या रबरावर दुप्पट घाम येतो.
- कुलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कुलरने हवा दमट होते आणि घाम वाळत नाही.

कुलरची आणखी एक अडचण म्हणजे त्याचा आवाज. त्याच्या घरघरीत भोंगा बुडून जातो. कुलर पायाकडे ठेवा, भोंगा डोक्याकडे खांद्यावर, आणि थरथरीची सोय असेल तर ती चालू करा.

चादरीखाली अंथरायच्या चटईच्या प्रकाराचा अलार्म असेल तर उन्हाळ्यात तो जास्त त्रास देतो, कारण अख्ख्या पाठीचा घाम त्यावर उतरतो. शिवाय ओळीने अंथरूण टाकून झोपणाऱ्या घरात मूल लोळत शेजारच्या अंथरुणावर जातं आणि चटई कोरडीच राहते. आपल्या घरांसाठी अंगावर लावायचा प्रकार बरा, असं माझं मत आहे.

सुरुवात कधी करायची हे तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतर करा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरवाशिणी, पाहुणे, पोरंसोरं, घर भरलेलं असतं. त्या गर्दीत पोराच्या खांद्यावर भोंगा लावणं त्याच्यावर अन्याय आहे. लग्नसराईतही नको. हिवाळ्यात एवढंच बघा की जाड गोधडीखाली आवाज दबतो, म्हणून भोंगा गोधडीबाहेर राहू द्या.

७. वाजतो, पण मूल उठत नाही

सगळ्यात जास्त पालक इथे हात टेकतात, आणि खरं तर इथे बिघाड काहीच नसतो. या मुलांना झोपेतून जाग येणंच अवघड जातं. पहिले काही आठवडे उठायचं काम तुमचं आहे. आई किंवा वडील, कोणीतरी एक जण त्याच खोलीत झोपा. भोंगा वाजला की लगेच मुलाला उठवा, बसवा, नाव घेऊन बोला, तोंडावरून ओला हात फिरवा. पूर्ण जाग आल्यावर भोंगा त्याने स्वतः बंद करायचा, तुम्ही नाही. मग बाथरूमला जाऊन उरलेली लघवी, चड्डी बदलणं, सेन्सर पुसून पुन्हा लावणं. झोपेतच उचलून मोरीत नेऊन आणलं तर मेंदू काही शिकत नाही. सकाळी त्याला विचारा, रात्री उठलेलं आठवतं का. आठवत नसेल तर जाग पुरेशी आली नव्हती.

रोज झोपण्याआधी तालीम घ्या. मूल अंथरुणात डोळे मिटून पडतं, तुम्ही मीठपाण्याच्या कपड्याने भोंगा वाजवता, ते उठतं, बंद करतं, बाथरूमपर्यंत जाऊन येतं. आमच्याकडे याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

शाबासकी कोरड्या रात्रीची देऊ नका, कारण ती मुलाच्या हातात नाही. उठण्याची द्या, सेन्सर स्वतः लावल्याची द्या. चिडवणाऱ्या भावंडांना मात्र ठणकावा.

भोंगा बंदच होत नसेल तर सेन्सर ओला राहिलाय. चिमटा चड्डीवरून काढा, पट्ट्या पुसा, मग बटण दाबा.

८. धाब्यावर झोपणं, अंगणातला संडास आणि गेलेली लाइट

उन्हाळ्यात घर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, किंवा गच्चीवर झोपतं. झोपेत उठलेल्या मुलाला जिन्याने एकट्याने उतरू देऊ नका. वरच कोपऱ्यात झाकणाचं भांडं ठेवा. संडास अंगणात असेल तर तेच खोलीतही करा. अंधारात विंचू-काट्याच्या भीतीने मूल जागं असूनही उठायचं टाळतं आणि आपल्याला वाटतं अलार्म निकामी. टॉर्च त्याच्या स्वतःच्या उशाशी हवा. वीज गेली की भिंतीत खोचलेला भोंगा बंद पडतो, अशा यंत्राला इन्व्हर्टर नाही तर सेलचा पर्याय बघून घ्या.

९. पाणी तोडू नका

संध्याकाळपासून पाणी बंद करणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय, आणि आपल्या उन्हात तो धोक्याचा आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक ते दीड लिटर द्रव लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते सकाळी आणि शाळेत जास्त जाईल असं बघा. शाळेतला संडास घाणेरडा म्हणून पुष्कळ मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी येऊन ढोसतात, वर्गशिक्षिकेशी बोला. संध्याकाळचा चहा आणि कोला बंद. खडा होत असेल तर आधी तो सुटला पाहिजे, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. भाज्या, फळं, कळण्याची भाकरी, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध.

तीळगूळ, गंडेदोरे याने जाग येत नाही. डॉक्टरांनी रात्रीची डेस्मोप्रेसिनची (रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून देतात ती) गोळी दिली असेल तर नियम वेगळा: गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजकं. ही गोळी दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून कधीही आणू नका.

१०. वहीत काय लिहायचं, कधी थांबायचं

रोज सकाळी चारच गोष्टी: किती वाजता वाजला, डाग केवढा, मूल स्वतः उठलं की उठवावं लागलं, खोटा भोंगा किती वेळा. चार आठवड्यांनी वही चाळा. डाग लहान होतायत, भोंगा उशिरा वाजतोय, रात्रीतून कमी वेळा वाजतोय किंवा मूल आपलं आपण उठतंय, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी रुळावर आहे, चालू ठेवा. एवढ्या काळात तसूभरही फरक नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिने द्यावे लागतात. आठवड्यातून चार रात्री लावायचा आणि तीन रात्री कंटाळा करायचा, असं केलं तर हे महिने वाया जातात. घरात खरोखर ओढाताण असेल, आई बाळंतीण असेल, कोणी आजारी असेल, तर सरळ काही महिने पुढे ढकला.

११. सलग १४ कोरड्या रात्रींनंतर

१४ रात्री सलग कोरड्या गेल्या की अलार्म काढता येतो. काही डॉक्टर त्यानंतर झोपण्याआधी मुद्दाम थोडं थोडं जास्त पाणी देऊन आणखी १४ कोरड्या रात्री मिळवायला सांगतात, म्हणजे पुन्हा त्रास होण्याची शक्यता कमी होते. हे त्यांना विचारूनच करा. काढल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा गादी ओली होऊ लागली तर घाबरू नका, तोच अलार्म लगेच पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदाही त्याचा उपयोग होतो.

ठेवून देताना सेल काढा, नाहीतर ते फुटून आतले पत्रे खातात. सेन्सर धुवून, वाळवून, वायर घट्ट न गुंडाळता सैल वेटोळं करून डब्यात ठेवा. नात्यातल्या कोणाला द्यायचा असेल तर सेन्सर नवा घेऊन द्या, आणि सोबत हे मीठपाण्याचं आणि चमच्याचं तेवढं सांगा.